एकही गोल न पाहिलेले मामा

बारा वर्षं दर रविवारी सकाळी फुटबॉलच्या मैदानावर हजर राहून ज्यानं आजवर एकही गोल पाहिलेला नाही, असा माणूस तुम्हाला माहीत आहे का? आणि तोही कोल्हापुरात? ज्या गावात माणसाची ओळख आधी पेठेवरून, मग तालमीच्या फुटबॉल संघावरून आणि सवड मिळालीच तर आडनावावरून होते, जिथं दोन पेठांची मॅच असली की नवरदेवाचा भाऊसुद्धा वरातीतून गायब होतो, त्या कोल्हापुरात? मला माहीत आहे, कारण तो माणूस माझ्या आईचा आतेभाऊ आहे. मी त्यांना मामा म्हणते, मैदानावरची सगळी पोरंही मामाच म्हणतात, आणि आता पोरांचे बापही तेच म्हणायला लागलेत. मामांना दिसत नाही असं नाही, किंवा ते मैदानाकडे पाठ करून बसतात असंही नाही. उलट सगळ्या प्रेक्षकांत मैदानाच्या सर्वांत जवळ तेच असतात. इतके जवळ की बऱ्याचदा ते मैदानातच असतात. फक्त चेंडू एकीकडे असतो तेव्हा मामांचा कॅमेरा दुसरीकडे असतो, आणि मामांचे डोळे कॅमेऱ्याला सोडून कधी स्वतंत्रपणे कुठं फिरायला गेल्याचं कुणाला आठवत नाही.

मामांचा शाहूपुरीत फोटो स्टुडिओ होता. तीस वर्षं त्यांनी लग्नं, बारशी आणि पासपोर्टचे फोटो काढले. तीस वर्षं लोकांना 'मान जरा वर', 'हनुवटी खाली', 'वहिनी, पदर सारखा करा', 'आता हसा' असं सांगून त्यांचा हसण्यावरचा विश्वासच उडाला होता. स्टुडिओ मुलाच्या हाती दिला त्याच महिन्यात आमच्या तालमीच्या सरांनी त्यांना बोलावलं. सर एका शाळेत पीटी शिकवतात आणि सहा ते आठ वर्षांच्या पोरांना रविवारी सकाळी फुकट फुटबॉल शिकवतात. त्यांना तालमीच्या भिंतीवर लावायला संघाचा एक फोटो हवा होता. मामा गेले आणि सवयीनं त्यांनी बारा पोरं उंचीप्रमाणे उभी केली, गोलकीपरची हनुवटी दोन बोटांनी उचलली, एकाचा भांग थुंकी लावून नीट केला, आणि 'आता हसा' म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी शिट्टी वाजवली. बटण दाबलं गेलं तेव्हा समोर बारा पोरांच्या जागी धुरळा होता, आणि त्या धुरळ्यात अधांतरी एक बूट. दुसऱ्या कुणी तो फोटो फेकून दिला असता. मामांनी तो मोठा करून स्टुडिओत दोन नवराबायकोच्या जोड्यांच्या मधोमध लावला. लोक विचारायचे, हे काय आहे? मामा म्हणायचे, "ह्यो माझा पहिला खरा फोटो हाय."

तेव्हापासून रविवारी मामा मैदानावर. खांद्याला कॅमेरा, काखेत रिकामं साखरेचं पोतं. पोतं अंथरून ते त्यावर पालथे पडतात, कारण त्यांच्या मते सात वर्षांच्या पोराचा फोटो पाच फुटांवरून काढणं म्हणजे त्याला वरून दटावणं. पालथ्या मामांच्या पाठीवर पोरं बसतात, बूट घालतात, भांडण मिटवतात. एकदा एका पोरानं त्यांच्या पाठीवर पाण्याची बाटली ठेवली आणि हाफटाइमला परत येऊन तिथूनच उचलून प्यायला. सरांनी शेवटी एक नियम केला, जो जगातल्या कुठल्या नियमावलीत सापडणार नाही: चेंडू मामांना लागला तर खेळ चालू, पोरगं मामांना अडखळलं तर शिट्टी. त्यांच्या कमरेच्या पिशवीत दोन जादा नाड्या, चार सेफ्टी पिना आणि शेंगदाण्याची चिक्की असते. कॅमेऱ्याची बॅटरी मात्र निम्म्या रविवारी घरी राहते.

लहान पोरांचा फुटबॉल तुम्ही पाहिला असेल. त्याला खेळ म्हणण्यापेक्षा मोहोळ म्हणावं. चेंडू जिथं, तिथं सगळी. पण त्या मोहोळाबाहेर नेहमी तीन-चार पोरं उरतात. एक गोलकीपर, जी हातमोज्यांत वाळू भरत असते. एक नाडी बांधणारा, ज्याची नाडी सामना संपेपर्यंत बांधून होत नाही. एक जण आभाळातल्या घारीकडे बघत असतो. मामा फोटो काढतात ते यांचे. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, की मामा, खेळ तिकडं चाललाय. मामांनी डोळा कॅमेऱ्यावरून न काढता उत्तर दिलं, "चेंडूकडं सगळं गाव बघतंय. ह्यास्नी कोण बघणार?"

आता हे वाक्य माझ्यासारखीला भुरळ पाडणारच. मी पत्रकांच्या घरात वाढले. माझ्या वडिलांनी जन्मभर संघटनेचं काम केलं. आमच्या घरात कपाटाच्या फळीवर पत्रकं, गरम पातेल्याखाली पत्रकं, आणि जोडाक्षरं मी 'धिक्कार' आणि 'निष्क्रिय' या दोन शब्दांवर शिकले. त्यामुळे मामांचं वाक्य ऐकल्यावर मला वाटलं, हा माणूस आपला आहे, याला फक्त योग्य दिशा द्यायला हवी. मी त्यांना आमच्या एका मोर्चाचे फोटो काढायला बोलावलं. मामा आले, अर्धा तास फिरले आणि एकही फोटो न काढता परत गेले. कारण विचारलं तर म्हणाले, "तुमच्या मोर्चात सगळीच कॅमेऱ्याकडं बघत्यात, पोरी. लग्नात आल्यागत वाटलं."

मामांची फोटो जपायची पद्धतही अशीच. काढलेले सगळे फोटो ते कागदावर छापून घेतात. संगणकातला फोटो म्हणजे त्यांच्या मते पाकिटातलं पत्र न वाचता ठेवणं. स्टुडिओत प्रत्येक लग्नाला एक नंबर असायचा आणि त्या नंबरच्या पाकिटात त्या लग्नाचे सगळे फोटो. त्याच शिस्तीनं मामांनी बुटांचे बारा रिकामे खोके आणले, त्यांवर एक ते बारा आकडे घातले, आणि पोराच्या जर्सीवर जो आकडा, त्या खोक्यात त्याचा फोटो. सात नंबरचं पोरगं सात नंबरच्या खोक्यात. पद्धत बिनचूक होती. तीत एकच गोष्ट राहून गेली होती: तालमीकडे जर्सी होत्या बारा आणि पोरं होती छत्तीस. पहिली तुकडी खेळून झाली की घामानं ओली पिवळी जर्सी अंगातून ओढून दुसऱ्या तुकडीच्या अंगात घालायची, मग तिसऱ्या. त्यात दर दोन-तीन वर्षांनी पोरं मोठी होऊन जायची आणि नवी यायची. म्हणजे सात नंबरच्या खोक्यात आजवर कोण कोण जाऊन बसलंय हे देवालाही सांगता आलं नसतं. आणि मामांनी बारा वर्षांत एकाही पोराचं नाव विचारलं नव्हतं. ते हाकच 'ए सात नंबर' अशी मारत, आणि जो कोणी सात असेल तो ओ देत असे.

हे सगळं असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी मैदानाजवळच्या नव्या अपार्टमेंटमध्ये एक बाई राहायला आल्या. बँकेत बदली होऊन आलेल्या, मुलगा सात वर्षांचा, अर्णव. त्याला त्यांनी सरांकडे घातलं. तिसऱ्या रविवारी त्या थेट मामांच्या पोत्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. मी शेजारीच होते, म्हणून पुढचं संभाषण मला शब्दाशब्दानं आठवतं.

"तुमचं कोण खेळतंय इथं?"

"सगळीच," मामा म्हणाले.

"सगळी म्हणजे? तुमचं स्वतःचं कोण?"

"सगळीच की."

"म्हणजे तुमचं कुणीच नाही." बाईंचा आवाज शांत होता. "मग हे फोटो जातात कुठं?"

मामांना खोटं बोलता येत नाही. एरवी हा गुण आहे. ते म्हणाले, "माझ्या घरी. पलंगाखाली."

मी डोळे मिटून घेतले. मला माहीत होतं की पलंगाखाली बुटांचे बारा खोके आहेत आणि त्यांच्यात धुरळा, नाड्या आणि घारी आहेत. पण हे त्या बाईंना कुठून माहीत असणार? त्या तडक सरांकडे गेल्या. थोड्या वेळानं सर आमच्याकडे आले ते मान खाली घालून. छत्तीसच्या छत्तीस पोरांच्या घरून लेखी परवानगी येईपर्यंत मैदानावर कॅमेरा बंद, असं ठरलं. एकाचाही नकार आला तर कायमचा बंद, कारण खेळात एकाला वगळून दुसऱ्याचा फोटो निघत नाही.

मामांनी कॅमेऱ्याला टोपण लावलं आणि पिशवीत ठेवला. पुढच्या रविवारी ते आले, पोतं अंथरून पालथे पडले आणि नुसते बघत राहिले. त्या दिवशी त्यांच्यापासून दहा पावलांवर गोल झाला. पोरं ओरडली, एक आजोबा टोपी उडवून नाचले. मामा तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नाकातलं काढणाऱ्या एका पोराकडे इतक्या मायेनं बघत होते की, कॅमेरा नसतानाही त्यांचा गोल चुकला. पण त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट आपोआप हलत होती, हवेतलं बटण दाबत होती. ते मला बघवलं नाही. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी दोनशे प्रती छापून आणल्या. मथळा होता, 'कॅमेऱ्यावर बंदी कुणाच्या हुकमानं?' खाली मी फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या संशयी वृत्तीवर, शेजारधर्माच्या ऱ्हासावर आणि बँकेच्या एकूणच मानसिकतेवर असं काही लिहिलं होतं की, वडिलांनी वाचून दोनदा चहा मागितला.

रविवारी गठ्ठा घेऊन मी मैदानावर पोचले. पहिली प्रत मामांना दिली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला आणि शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला. मी कौतुकाची वाट बघत होते.

"त्या बाईनं विचारलं ते बरोबरच विचारलं," मामा म्हणाले. "बारा वर्षांत दुसऱ्या कुणी विचारलं न्हाई, ते चूक. आन् मी कुणाला विचारलं न्हाई, ती त्याहून मोठी."

मग त्यांनी पत्रक उलटं करून बघितलं. मागची बाजू कोरी होती. त्यांचा चेहरा खुलला. "कागद ब्येस हाय. पाठकोरा. सगळा गठ्ठा दे माझ्याकडं."

तर माझं पत्रक शेवटी घरोघरी पोचलं, पण पालथं. पुढच्या बाजूवर मामांनी निळ्या शाईनं मोठी फुली मारली होती आणि मागच्या बाजूवर फोटोखाली तारीख घालायच्या त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'मी रविवारी आपल्या मुलाचे किंवा मुलीचे खेळतानाचे फोटो काढतो. काढू का? नको असेल तर नको लिहा. राग नाही.' खाली मुलाचं नाव, घरच्यांचं नाव आणि सही. आणि इथं मामांची शिस्त त्यांच्या अंगावर आली. कागद पोरांच्या हाती दिले तर त्यांची विमानं होणार, म्हणून मामांना स्वतःच घरोघरी जायचं होतं; पण कुणाच्या घरी? सरांच्या यादीत नावं होती, पत्ते आणि चेहरे नव्हते. मामांच्या खोक्यात चेहरे होते, नावं नव्हती. तेही चेहरे थोडे, पाठीच जास्त.

दोन महिने मामा संध्याकाळी फोटोंची पिशवी घेऊन पेठेत फिरले. कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटो दाखवायचे, "पावणं, ह्यो मोजा कुणाच्या घरातला हाय?" आणि मी कधी विश्वास ठेवला नसता, पण लोक सांगायचे. एका आईनं पोराला गुडघ्यावरच्या खपलीवरून ओळखलं. गल्लीतल्या टेलरचाचांनी एका चड्डीच्या मागच्या ठिगळावर बोट ठेवून सांगितलं, "हा टाका माझा हाय. हा माझा नातू." एका घरात दोन जावा एका पाठमोऱ्या पोरावरून भांडल्या, दोघींनाही ते आपलंच वाटत होतं, शेवटी ते तिसऱ्याच घरातलं निघालं. प्रत्येक घरी मामा चहा प्यायचे, सही घ्यायचे, पोराचं नाव मनात घोकत बाहेर पडायचे आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत विसरायचे, म्हणून मग फोटोच्या मागं लिहायला लागले. पस्तीस सह्या झाल्या. नकार एकही नव्हता. राहिली छत्तिसावी.

पुढच्या रविवारी बाई मैदानावर आल्या. मामांनी दोन्ही हातांनी कागद पुढं केला. बाई म्हणाल्या, "सही करीन. पण आधी अर्णवचे फोटो बघेन." यात गैर काहीच नव्हतं. मामांचा हात पिशवीत गेला, अर्णवच्या फोटोंच्या पाकिटाला लागला, आणि तिथंच थांबला.

कारण मामांना एक गोष्ट माहीत होती. दुसऱ्याच रविवारी, कॅमेरा अजून चालू होता तेव्हा, अर्णवनं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर आपले फोटो बघितले होते आणि मामांच्या कानाशी येऊन सांगितलं होतं, की हे आईला दाखवू नका, आईला वाटतं मी गोल मारतो. दर रविवारी घरी गेल्यावर आई विचारायची, आज किती? आणि तो सांगायचा, दोन. पाकिटातल्या एकाही फोटोत अर्णवच्या पायाशी चेंडू नव्हता. चेंडू त्याच्या आसपाससुद्धा नव्हता.

"दाखवतो," मामा म्हणाले. "पण आधी त्याला विचारतो."

"माझ्या मुलाचे फोटो बघायला मला त्याची परवानगी लागणार?"

"तुम्हीच शिकवलंत की, बाई. विचारल्याशिवाय न्हाई."

मला वाटलं, संपलं. पस्तीस घरांचा चहा वाया गेला. बाईंच्या भुवया वर गेल्या होत्या. मामा मात्र निघालेही होते. ते अर्णवपाशी गेले आणि पोतं नसताना, नव्या पांढऱ्या सदऱ्यानिशी, त्याच्यासमोर पालथे पडले. दोघांचं बराच वेळ काही चाललं होतं. पाकिटातले फोटो एकेक करून मातीत मांडले गेले. एकदा अर्णवनं मान हलवली, एकदा मामांनी. मग अर्णवनं त्यातला एक उचलला, झाडला, आणि स्वतः आईकडे घेऊन आला.

फोटोत मागं सगळा धुरळा होता आणि त्या धुरळ्यात मोहोळ. पुढं, गोलच्या खांबापाशी, हातमोजेवाली गोलकीपर गुडघ्यांवर बसून जमिनीकडे बघत होती, आणि तिच्यासमोर अर्णव दोन्ही हात आडवे पसरून, रस्ता अडवणाऱ्या पोलिसासारखा उभा होता. तोंडभर हसत होता. मान वर नव्हती, हनुवटी खाली नव्हती, आणि हस म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"मुंग्या चालल्या होत्या गोलमध्ये. मी कुणाला त्यांच्यावर पाय देऊ देत नव्हतो." अर्णवनं फोटोतल्या धुरळ्यावर बोट ठेवलं. "आई, मी गोल नाही मारत. चेंडू माझ्याकडं येतच नाही."

"आणि ते दोन-दोन सांगायचास ते?"

"ते मुंग्यांचे धरले होते."

मामा या वेळी आमच्याकडे पाठ करून कॅमेऱ्यातून आभाळ बघत होते. कॅमेऱ्याचं टोपण लावलेलंच होतं. बाईंनी पोराच्या केसांतली माती झाडली, त्याला विचारलं की तुला इथं यायला आवडतं का, आणि तो 'हो' म्हणाल्यावर पर्समधून पेन काढलं. सही केली आणि खाली एक ओळ लिहिली: 'फोटो काढला की आधी मुलाला दाखवावा.' मग कागद उलटला, निळ्या फुलीखालचं माझं पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाषा चांगली आहे तुमची. छापायच्या आधी मला एकदा विचारायचं होतंत." पत्रकं मी अजून काढते. पण ज्याच्याविरुद्ध काढायचं त्याला हल्ली आधी जाऊन भेटते. त्यामुळे ती उशिरा निघतात आणि पहिल्याइतकी झोंबत नाहीत, अशी वडिलांची तक्रार आहे.

कॅमेरा पुन्हा सुरू झाला. बाई आता रविवारी पोत्याच्या शेजारी बसतात आणि फोटोंमागं नावं लिहितात, कारण मामांचं अक्षर हलायला लागलंय. मामांच्या उजव्या डोळ्याचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्याचं, काही खरं राहिलेलं नाही. डॉक्टरांनी सांगून झालंय. मामा डाव्या डोळ्यावर आलेत, त्यामुळे फोटोत पोरं अर्धी येतात. एक हात, एक कान, पळून गेलेल्या पायाची टाच. मी काही बोलले तर म्हणतात, "अर्धं तर अर्धं. पळतंय न्हवं?" त्यांना घोर लागलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. आत्ताच्या छत्तीस पोरांचं झालं. पण पलंगाखालच्या बारा खोक्यांत आधीच्या कितीतरी जणांना त्यांनी न विचारता ठेवलंय. त्यातली मोठी पोरं आता बाप्ये झाली, पोरी कामाधंद्याला लागल्या. कुणी बिद्रीला साखर कारखान्यावर आहे, कुणी हातकणंगल्याला दुकान टाकलंय, कुणी पुण्याला गेलंय. परवा खोके उन्हात ठेवता ठेवता मामा म्हणाले, "ज्याचं त्याला गेलं पायजे, पोरी. मला दिसतंय तवर."

म्हणून हे लिहिलं, आणि या वेळी छापायच्या आधी मामांना वाचून दाखवलं. लहानपणी आमच्या तालमीची ती पिवळी, ओली, दुसऱ्याच्या घामाची जर्सी तुम्ही घातली असेल, तर एखाद्या रविवारी सकाळी मैदानावर या. जमलं तर आईला घेऊन या, ती तुम्हाला पाठीवरून ओळखेल. खोके तिथंच पोत्यापाशी असतात. आपला आकडा आठवून त्या खोक्यात शोधा. सापडलात तर फोटोच्या मागं आपलं नाव लिहा, मामांना दाखवा, आणि मग घरी घेऊन जा. तेवढं नाव जरा मोठ्या अक्षरात लिहा.